नाक आल्यावर उघडायची पेटी

आमच्या मावशींना वास येत नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यासुद्धा कोणी भेटलं की आधी हेच सांगायच्या. त्यांच्याकडे भाड्याची खोली पाहायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाण्याचं, विजेचं काही बोलायच्या आत त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि विचारलं, कशाचा वास येऊन राह्यला सांग. मला वाटलं, बाईंना स्वच्छतेचं वेड दिसतंय. मी घाईघाईने म्हणाले, कशाचाच नाही, अगदी चकाचक आहे सगळं. त्यांचं तोंड उतरलं. मग तुला खोली देऊन काय फायदा, असं म्हणत त्या आत वळल्या. तेवढ्यात मला खरंच करपल्याचा वास आला नि मी म्हणाले, अहो, आत काहीतरी लागलंय बहुतेक. त्या धावल्या. कुकरमध्ये वाळूवर ठेवलेला केक बुडाशी कोळसा झाला होता. तो कोळसा चिमट्यात धरून त्या बाहेर आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, सामान कधी आणतेस.

मी मूळची बोरी अरबची. कृषी सहाय्यक म्हणून यवतमाळजवळच्या कळंबला नेमणूक झाली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या वावरांतून कपाशीवरची बोंडअळी बघत हिंडायचं आणि संध्याकाळी आपल्या खोलीत पाय पसरून पडायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. ते काही पुरं झालं नाही. मावशींची अट अशी होती की, गाडी लावली की पाय धुवायचे आणि थेट त्यांच्या स्वयंपाकघरात यायचं. तिथं जे काही भाजून निघालं असेल ते हुंगायचं आणि कसा वास येतोय ते सांगायचं. खायचं नंतर. चहा त्याच्याही नंतर. सुरुवातीला मी इतकी वैतागले होते की दुसरी खोली शोधायला लागले होते. मिळाली असती तर गेलेही असते, आणि आज हे लिहायला माझ्याजवळ काही नसतं.

मावशींनी उभी हयात शिवणक्लासात काढली होती. क्लास बंद होऊन वर्षं झाली तरी गळ्यातला टेप काही उतरला नव्हता. आंघोळीनंतर कुंकू लावावं तसा तो गळ्यात पडायचा. त्याच टेपने त्या कणीक मोजायच्या. पातेल्यात टेप उभा धरून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, दीड इंच चढली, अजून अर्धा पाहिजे. केक वरून तडकला की तो "उसवला". पाव बाहेरून कडक आणि आतून पोकळ निघाला की "याले अस्तरच नाही". एकदा मी एका चपट्या, दगडासारख्या पावाला बिचारा म्हणाले, तर मलाच रागावल्या. बेतताना चूक झाली की कापडाला बिचारं म्हणतो का आपण, असं त्यांचं म्हणणं. चूक कापणाऱ्याची. मग तोच पाव चहात बुडवून आम्ही दोघींनी खाल्ला. दात शाबूत राहिले हे नशीब.

हे भाजण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते नाकामुळे. त्यांचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आणि मावशीही मिस्त्रीच म्हणायच्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले, दोघांनाही यवतमाळला नेलं. मावशी घरी आल्या. मिस्त्री आले नाहीत. मावशी घरी आल्या त्या नाक तिकडेच ठेवून. बाकी लोकांचं नाक हळूहळू परत आलं, यांचं काही केल्या येईना.

मिस्त्रींचा सदरा दाराच्या मागच्या खुंटीला तसाच होता. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी त्यांनी काढून टांगलेला, न धुतलेला. घरी आल्या आल्या मावशींनी त्यात तोंड खुपसलं होतं. काही म्हणजे काही आलं नाही. हे मला त्यांनी कणीक मळता मळता सांगितलं, दुधाचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. पुढचं ऐकून मात्र माझ्या हातातला पेला तसाच राहिला. आज ना उद्या नाक येणार, पण तोवर सदरा बाहेर टांगलेला राहिला तर त्यातला वास उडून जाईल, असा विचार करून त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड दोऱ्याने बांधलं, वर जुनं लुगडं गुंडाळलं, आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. नाक आलं की उघडायची. एकदाच उघडायची आणि पोटभर घ्यायचा, असा त्यांचा हिशेब होता.

मी विचारलं, मिस्त्रींचा वास कसा होता हो? त्या मळायच्या थांबल्या.

"तेच तं आठवत नाही न वं," त्या म्हणाल्या. "चेहरा आठवते. खोकला आठवते. चपला कशा घासत चालत ते आठवते. वास आठवाले गेलं का काहीच येत नाही. इतकी वर्सं एका खाटीवर झोपली मी त्याह्यच्या संग."

नाकाला रोज वेगवेगळे वास देत जा, सवयीने कधी कधी परत येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांच्या मनात लिंबू, लवंग असं काहीतरी असावं. मावशींनी लिंबू-लवंग आठवडाभरात संपवलं. मग घर भरून वास कशाचा येतो याचा शोध सुरू झाला, आणि मोबाईलवर कुठल्याशा बाईला केक करताना पाहून त्यांनी ठरवलं की हेच आपलं औषध. कुकरची शिटी काढली, रिंग काढली, तळाला वाळू घातली आणि सुरू. पुण्याच्या मुलाला वाटलं, आईचं मन रमतंय, तर त्याने विजेची भट्टी पाठवून दिली. ती भट्टी ठेवायला स्वयंपाकघरात एकच जागा होती, पेटीच्या शेजारी, कारण बटन तिथंच होतं. आणि पेटी तिथं होती कारण दुसऱ्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची.

पेटीवर सरकी असायची. सरकी म्हणजे मांजर. पिल्लू असताना मिस्त्रींना ती जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगात सापडली होती, म्हणून हे नाव. रंगही तसाच, मळकट पांढरा, त्यावर करडे ठिपके. स्वभावाने अत्यंत उर्मट. मिस्त्री सोडून कोणाच्या मांडीवर बसली नाही म्हणे. माझ्याशी तिने पहिले काही महिने एक शब्द काढला नाही. मी तिला हात लावायला गेले की ती उठून, आळस देऊन, माझ्याकडे पाठ करून पुन्हा बसायची. लोण्याचा हात असला तरच चाटायची, आणि चाटून झाल्यावर ओळख विसरायची.

पण या सरकीवर मावशींचं सगळं शास्त्र उभं होतं. कणीक फुगायला ऊब लागते, आणि आपल्याकडे ऊब म्हणजे एक तर अजिबात नाही, नाही तर इतकी की पातेलं सोडून कणीक पळायला लागते. मोबाईलवरची बाई सांगायची, कणीक उबदार जागी ठेवा. मावशी म्हणायच्या, मे महिन्यात यवतमाळात ये आणि मग सांग कोणती जागा उबदार ते. त्यांनी बघितलं की सरकी थंडीत बरोबर ऊब असलेल्या जागी झोपते आणि उन्हाळ्यात बरोबर गारव्याच्या. मग पातेलं सरकीच्या मागे हिंडायला लागलं. जानेवारीत सरकी आणि पातेलं दोघं पेटीवर. एप्रिलमध्ये दोघं माठाच्या तिवईखाली. पावसाळ्यात शिवणयंत्राच्या पायडलवर. मी संध्याकाळी आले की आधी सरकी कुठे आहे ते बघायची, तिथंच झाकलेलं पातेलं असणार. आणि खरं सांगते, पाव चांगला व्हायला लागला तो तेव्हापासून.

सरकी पेटीवर का बसते यावर मात्र आमचं एकमत नव्हतं. माझं म्हणणं, शेजारी भट्टी आहे, पत्रा तापतो, म्हणून बसते. मावशींचं म्हणणं, तिला आतला वास येतो. भट्टी येण्याच्या आधीपासून ती तिथं बसते, असं त्या शपथेवर सांगायच्या. "माह्यं नाक गेलं, तिचं थोडी गेलं," असं म्हणून त्या तिच्याकडे अशा बघायच्या की मी पुढे बोलायची नाही. त्यांना तिचा हेवा वाटायचा. अगदी उघड वाटायचा.

वास सांगण्याचं काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, छान येतोय. मावशींनी ताट मागे ओढलं. छान म्हणजे काय? छान तर साबणाचाही येतो. नीट सांग. मी म्हणाले, गोडसर. गोड तर जिभेला लागतं, नाकाला काय लागलं ते सांग. अशा त्या मास्तरीण. हळूहळू मी शिकले. फुगलेल्या कणकेला आंबट ताकात रात्रभर भिजलेल्या तांदळाचा वास येतो. ज्वारीचं बिस्कीट भाजताना हुरड्याच्या शेकोटीजवळ बसल्यासारखं वाटतं. लोणी जास्त तापलं की बेरीचा येतो. केळ्याचा केक निघाला की आधी पिकलेल्या केळ्याचा आणि मागून गुळाच्या पाकाचा. मी सांगायची आणि त्या डोळे मिटून, मान किंचित वर करून ऐकायच्या. ऐकता ऐकता त्यांच्या नाकपुड्या हलायच्या. कधी कधी मला वाटायचं, आता येईल, आत्ता या क्षणी येईल. मीच श्वास धरून बसायची.

एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी थोडं वाढवून सांगितलं. व्हॅनिला संपला होता आणि मी म्हणाले, व्हॅनिलाचा मस्त येतोय. त्यांनी रिकामी बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाल्या, माझं नाक आंधळं आहे, त्याला हात धरून न्यायचं काम तुझ्याकडे दिलंय, तू खड्ड्यात नेऊ नको. त्यानंतर मी वासाच्या बाबतीत त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही. बाकी बाबतीत बोलायची, लग्नाचं स्थळ बघून आले वगैरे.

मोहाच्या पावाची गोष्ट सांगितल्याशिवाय मावशी पुऱ्या होणार नाहीत. एका उन्हाळ्यात जंगलाकडच्या एका गावाहून मी वाळलेली मोहफुलं आणली होती, अशीच, गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी मला प्रशिक्षणासाठी यवतमाळला मुक्कामी जावं लागलं. मावशींनी ती फुलं भिजवली, वाटली, कणकेत घातली, खमीर घातलं आणि पातेलं माठाखाली ठेवलं. ऊन मी म्हणत होतं. मी परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच उग्र वासाने नाक भरलं. पानठेल्यावरच्याने मला आदराने विचारलं, मॅडम, मावशीनं धंदा टाकला काय? मी धावत घरी. सरकी कुंपणाच्या भिंतीवर बसलेली, आत यायला तयार नाही. आत कणीक पातेल्यातून उतरून तिवईच्या पायांपर्यंत गेलेली, आणि मावशी टेप घेऊन, चेहरा असा फुललेला की काय सांगू, म्हणाल्या, बघ वं, मोजताच येऊन नाही राह्यली. अख्ख्या गल्लीला दारूचा घमघमाट, आणि या घरात बसून त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी दोन गृहस्थ मागच्या दाराने बाटली घेऊन आले. मावशींना वाटलं, पाव मागायला आलेत. त्यांनी दोघांना दोन-दोन काप बांधून दिले आणि सांगितलं, गरम असतानाच खा. ते दोघं ते काप घेऊन इतके शहाण्यासारखे निघून गेले की मी ओट्यावर डोकं ठेवून हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. मी सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, एवढा मोठा वास होता तरी मला आला नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती कळली.

दुसऱ्यांदा कळली ती गॅसच्या दिवशी. रविवार होता, मी माझ्या खोलीत केस वाळवत बसले होते. सरकी दाराशी येऊन ओरडायला लागली. ती माझ्या दाराशी कधी येत नसे. मी हाकललं तरी जाईना, पंजाने दार खरवडायला लागली. मी उठून बाहेर आले तर गॅसचा वास. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटन चालूच, आणि मावशी त्याच शेगडीसमोर पाटावर बसून मैदा चाळतायत, तोंडाने काहीतरी गुणगुणतायत. मी सिलिंडर बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मले तं काहीच नाही आलं. मी तिथंच होतो." आमच्याकडे बाया असंच बोलतात, होतो, जातो. पण त्या "होतो"मध्ये त्या दिवशी त्या फार लहान वाटल्या. गळ्यातला टेप त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मी त्यांना पोटाशी धरलं. मावशींना असं कोणी धरलेलं आवडायचं नाही, पण त्या दिवशी त्या सुटून गेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी गॅस देऊन टाकला आणि विजेची शेगडी घेतली. जाळावरच्या भाकरीशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं त्या बाई. भाकर फुगत नाही म्हणून रोज त्या शेगडीला शिव्या द्यायच्या, पण गॅस काही परत आणला नाही.

मला आज या सगळ्याची इतकी आठवण येते की लाज वाटते. बदली होऊन मी आता मारेगावला असते, चांगला फ्लॅट आहे, स्वयंपाकघरात खिडकी आहे. कोणी विचारत नाही, कसा वास येतोय. मी इथे आल्यावर सुरुवातीला मावशी रोज संध्याकाळी फोन करायच्या, आणि इकडचे वास विचारायच्या. मी सांगायची: आज बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्यात, पोतं उघडलं की ओल्या मातीचा आणि हिरव्या सालीचा येतो. आज सोयाबीन मळायला काढलंय, धुळीचा येतो, नाकात खाज येते. त्या हूं, हूं करत ऐकायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या, झोपेतच. मुलगा येऊन सगळं करून गेला. सरकी कोणाच्या हाती लागली नाही, शेजारच्या ओट्यावर असते म्हणतात. मला माणसं गेल्याचं दुःख कसं करायचं ते नीट येत नाही. मी संध्याकाळी फोन हातात घेते आणि ठेवून देते.

पण मला सांगायचं होतं ते बदलीच्या दिवसाचं.

बदलीचा आदेश आला तेव्हा मी मावशींना चार दिवस सांगितलंच नाही. सांगितल्यावर त्यांनी फक्त विचारलं, कोणत्या दिवशी. मग त्या नेहमीसारख्या कामाला लागल्या. त्या आठवड्यात त्यांनी रोज भाजलं, सकाळी आणि संध्याकाळी. नानखटाई, खारी, पाव, पुन्हा नानखटाई. परीक्षेच्या आधी पोरं पाठ करतात तसं चाललं होतं. रोज मी सांगायची, रोज त्या डोळे मिटून ऐकायच्या, आणि रोज मान हलवायच्या. नाही.

निघायच्या दिवशी दुपारी माझं सामान अंगणात बांधून ठेवलं होतं, टेम्पो यायचा होता. मावशींनी हाक मारली. त्या पेटीसमोर बसल्या होत्या. सरकीला उतरवायला त्यांना फार मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. ती उतरली आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. मावशींनी कनवटीची किल्ली काढली.

मी म्हणाले, मावशी, नाक यायचंय अजून.

"नाही येत आता ते," त्या म्हणाल्या. "तू आहे तवरच उघडतो. तुह्या नाकावर माहा भरोसा आहे. तू गेल्यावर कोनाले विचारू."

कुलूप गंजलं होतं, मला तेल सोडावं लागलं. लुगडं निघालं. आतली पिशवी मावशींनी मांडीवर घेतली आणि दोरा तोंडात धरून दातांनी तोडला, शिवणकाम करणाऱ्या बाया तोडतात तसा. सदरा बाहेर आला. पांढरा होता, कॉलर पिवळी पडलेली, खिशाच्या कडेला तेलाचा डाग. त्यांनी आधी स्वतः त्यात तोंड घातलं. बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी तोंड वर केलं, डोळे कोरडे होते, आणि सदरा माझ्याकडे दिला. खोटं सांगू नको, एवढंच म्हणाल्या.

मी सदरा नाकाला लावला. पिशवी घडीवर विरली होती, भट्टीच्या आचेने प्लास्टिक तडकलं होतं. एवढी वर्षं पेटीच्या शेजारी भट्टी चालली, पेटीवर कणीक फुगली, पेटीवर मांजर झोपलं. मिस्त्रींना मी कधी पाहिलं नाही, पण त्या सदऱ्यात कोणा माणसाचा वास उरला नव्हता एवढं मला कळलं. ज्या वासासाठी या बाई रोज भाजत होत्या, तो त्यांच्या भाजण्यानेच पुसून टाकला होता. मी दुसऱ्यांदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं. खिशात हुंगलं, काखेत हुंगलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या क्षणी मी तंबाखू म्हणाले असते, घाम म्हणाले असते, तर त्यांनी ते धरून ठेवलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं.

"मावशी," मी म्हणाले, "नानखटाईचा येऊन राह्यला."

त्या हळूच म्हणाल्या, नीट सांग.

मी नीट सांगितलं. तुपाचा. भाजलेल्या मैद्याचा. थोडा वेलदोड्याचा, थोडा खमिराचा. सरकीच्या अंगाचा. लोखंडाचा. सांगता सांगता मी थांबले, कारण पुढे काही नव्हतंच. मला वाटलं, आता या विचारतील, आणि मिस्त्रींचा? मी काय सांगणार होते.

मावशींनी सदरा माझ्या हातून घेतला आणि त्याची बटनं एकेक करून चाचपली. त्यांचे डोळे मिटले होते. नाकपुड्या हलत होत्या.

"दिवाळीत नानखटाई भाजाले तेच जायचे भट्टीवर," त्या म्हणाल्या. "आपलं पीठ, आपलं तूप घेऊन. मले क्लासातून सवड नाही, सनाची शिवनं. दिवसभर नंबरात बसून राहायचे तिथं, भट्टीपाशी. संध्याकाळी डबा घेऊन आले का डबा उघडायच्या आधी त्याह्यच्याच अंगाचा वास यायचा. मी म्हनायची, आंघोळ करा आधी. ते म्हनत, राहू दे आजच्या दिवस." त्यांनी डोळे उघडले. "असाच न वं? तुपाचा, अन् वेलदोड्याचा."

मी मान डोलावली. असाच असणार. बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवायला लागला होता. मावशींना तेव्हा खरंच ते आठवलं होतं, की माझी अवस्था बघून त्यांनी ते माझ्यासाठी जुळवलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

त्यांनी पेटी उघडीच ठेवली. सदरा झटकला, उलगडला, आणि लुगड्यावरूनच अंगात चढवला.

"घालूनच टाकतो मंग," त्या म्हणाल्या. "आता कायले पेटीत ठेवू."

बाह्या त्यांना लांब होत होत्या. त्यांनी त्या मनगटापर्यंत दुमडल्या, वरचं बटन लावलं, आणि मला सोडायला टेम्पोपर्यंत आल्या.